थांबा

मराठीत ‘थांबा’ हा शब्द दोन कामे करतो. नाम म्हणून तो एका जागेचा निर्देश करतो : एसटीचा थांबा, लोकलचा थांबा, खांबावरच्या पाटीवर रंगवलेला ‘विनंती थांबा’. क्रियापद म्हणून तो कोणाला तरी उद्देशून उच्चारलेला असतो. या दोन अर्थांच्या मध्ये एक अलिखित करार आहे. थांब्यावर गाडी थांबते ती काही क्षण. माणूस थांबतो तो कितीतरी अधिक वेळ. गाडीने क्षणभर थांबावे, म्हणून माणसाने आधी घटकाभर थांबायचे, असा हा व्यवहार आहे. तो इतका अंगवळणी पडलेला असतो, की त्यात काही नैतिक प्रश्न असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. वस्तुतः एखाद्या नगराची नीती पारखायची असेल, तर तेथे कोण कोणासाठी थांबतो, किती वेळ थांबतो आणि ते थांबणे कोणी ठरवले, एवढे पाहिले तरी पुरे होईल.

ही पारख करण्यासाठी दिल्लीतील एक लहानसे स्थानक सोयीचे आहे. इंडिया गेटच्या परिसरातून निघून कॅनॉट प्लेसला मिळणारा कस्तुरबा गांधी मार्ग मराठी माणसाच्या विशेष परिचयाचा झाला, तो 2013 मध्ये तेथे सुरू झालेल्या नव्या महाराष्ट्र सदनामुळे. या मार्गाच्या कॅनॉट प्लेसकडील टोकापासून चालत जाण्याच्या अंतरावर शिवाजी ब्रिज नावाचे रेल्वे स्थानक आहे आणि त्याला लागून पुढचे स्थानक टिळक ब्रिज. नवी दिल्ली स्थानकातून आग्र्याच्या किंवा गाझियाबादच्या दिशेने निघालेल्या गाड्या या दोन स्थानकांवरून जातात. महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन नावे राजधानीच्या लोहमार्गावर अशी पाठोपाठ यावीत, याचे मराठी प्रवाशाला अप्रूप वाटते. मात्र ते अप्रूप खिडकीतल्या पाटीबरोबरच मागे पडते, कारण लांब पल्ल्याची गाडी सहसा तेथे थांबत नाही. थांबते ती लोकल. पलवल, फरिदाबाद, गाझियाबाद येथून सकाळी निघालेली माणसे तिच्यातून या फलाटांवर उतरतात आणि कचेऱ्यांकडे, दुकानांकडे, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांकडे चालू लागतात.

या परिसरातील नावांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. कस्तुरबा गांधी मार्गाचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. शिवाजी ब्रिजचे मिंटो ब्रिज. टिळक ब्रिजचे हार्डिंग ब्रिज. कर्झन, मिंटो आणि हार्डिंग हे 1899 ते 1916 या काळात एकामागून एक आलेले तीन व्हाइसरॉय. साम्राज्याने आपली वंशावळच जणू येथे दगडामातीत मांडून ठेवली होती. मिंटोच्या कारकिर्दीत, 1908 साली, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक असे सहा दिवस काम बंद ठेवले. ज्यांनी एरवी सदैव इतरांसाठी थांबायचे, त्यांनी आपण होऊन थांबायचे ठरवले आणि त्या थांबण्याची दखल साम्राज्याला घ्यावी लागली. हार्डिंगच्या कारकिर्दीत, 1914 साली, टिळक मंडालेहून सुटून आले. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय गेले आणि त्यांच्या जागी ही तीन नावे आली. लोकांच्या जिभेवर ‘मिंटो ब्रिज’ अजून रेंगाळतो ही गोष्ट वेगळी. पाट्या बदलल्या हे खरे. प्रश्न असा, की पाट्यांबरोबर थांबण्याचा क्रमही बदलला का?

हा प्रश्न दिल्लीच्या रिंग रेल्वेच्या इतिहासात अधिक उघडपणे दिसतो. शहराभोवती सुमारे 35 किलोमीटरचे कडे घालणारा हा मार्ग 1975 मध्ये मुख्यतः मालगाड्यांसाठी सुरू झाला. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने तो प्रवाशांसाठी सुधारण्यात आला. लोदी कॉलनी, सेवा नगर, चाणक्यपुरी, पटेल नगर अशा वस्त्यांना स्पर्श करत शिवाजी ब्रिजवरून जाणारी ही गाडी मुंबईच्या लोकलसारखी राजधानीची जीवनरेषा व्हायला हरकत नव्हती. पण अनेक स्थानके बाजारापासून आणि बसच्या थांब्यापासून दूर राहिली. गाड्या विरळ राहिल्या. जो मार्ग मालवाहतुकीसाठी आखलेला होता त्यावर दुपारच्या लोकलला पाहुणीसारखेच वावरावे लागले. डिसेंबर 2002 मध्ये मेट्रो सुरू झाली. तिचे जाळे वाढत गेले तसा काही मिनिटांच्या अंतराने गाडी मिळण्याचा अनुभव शहराच्या सवयीचा झाला आणि रिंग रेल्वेचे उतारू आणखी ओसरले. अशा सेवेविषयी मग एक निर्णायक वाटणारा प्रश्न विचारला जातो : एवढ्या थोड्या माणसांसाठी गाडी चालवावी कशाला आणि थांबवावी कशाला?

या प्रश्नामागचा हिशेब हलका नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. समजा, एका गाडीत बाराशे माणसे आहेत आणि एका लहान स्थानकावर थांबल्याने तिची तीन मिनिटे जातात. बाराशे माणसांची तीन-तीन मिनिटे म्हणजे एकूण साठ तास. फलाटावर उभ्या असलेल्या दहा माणसांना पुढच्या गाडीसाठी प्रत्येकी एक तास थांबावे लागले, तर त्यांचे मिळून दहाच तास जातात. साठांपुढे दहांची मातब्बरी ती काय? शिवाय गाडीतल्या त्या बाराशेंत कोणी रुग्ण असेल, कोणी परीक्षार्थी असेल. गर्दीच्या हिताला कमी लेखून मूठभरांची कड घेणे ही भाबडी भावुकता ठरू शकते. प्रत्येक फलाटावर थांबणारी गाडी कोणालाच कोठे वेळेवर पोहोचवू शकत नाही. तेव्हा कोणाला तरी थांबावे लागणार, हे निश्चित. विवाद एवढाच, की ते कोणी थांबावे हे केवळ डोकी मोजून ठरवता येईल काय?

या विवादाचा विचार ज्यांनी मराठीत फार खोलवर केला, त्यांचेच नाव यातल्या एका पुलाला आहे. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी पाश्चात्त्य उपयुक्ततावादाची सविस्तर तपासणी केली आहे. पुष्कळांचे पुष्कळ सुख ही कसोटी त्यांनी सर्वस्वी झिडकारलेली नाही. व्यवहारात ती पुष्कळदा उपयोगी पडते, हे ते मानतात. पण नीतीचा अखेरचा निकष म्हणून ती अपुरी पडते, असे त्यांचे म्हणणे आहे. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य होते आणि पांडवांकडे सात. मग केवळ संख्येने निकाल लावायचा तर न्याय कौरवांच्या बाजूला होता असे म्हणावे लागेल, हा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. त्याच विवेचनात आणखी एक दाखला येतो, आणि तो चक्क नागरी वाहतुकीतला आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्राम सुरू होणे लोकांच्या सोयीचे होते, पण परवानगी मिळण्यास विलंब होत होता. तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली. ट्राम धावू लागली, लोकांची सोय झाली; पुढे प्रकरण उघडकीस येऊन त्या व्यवस्थापकाला शिक्षा झाली. लोकांचे सुख हीच एकमेव कसोटी असती, तर ही शिक्षा अन्यायाची ठरली असती. तशी ती वाटत नाही, याचा अर्थ माणसाची न्यायबुद्धी फळाबरोबर कर्त्याची बुद्धीही तोलून पाहते.

टिळकांचा हा मुद्दा थांब्याच्या प्रश्नाला लावून पाहिला, की वरच्या हिशेबातली भगदाडे दिसू लागतात. पहिले असे, की बाराशे माणसांची तीन-तीन मिनिटे मिळून साठ तास होतात ते कागदावर. ते साठ तास कोणी एकाने भोगलेले नसतात. तीन मिनिटांचा उशीर घडीभरात विसरला जातो. याउलट फलाटावरच्या स्त्रीचा एक तास सलग आणि संपूर्ण तिचा असतो. त्या तासापोटी तिची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते, किंवा घरी परतल्यावर चूल उशिरा पेटते. लहान लहान गैरसोयींची बेरीज करून एका मोठ्या गैरसोयीला हरवता येते, ही समजूत अंकगणिताला मान्य असेल. नीतीला ती जशीच्या तशी मान्य होण्यासारखी नाही.

दुसरे असे, की आजच्या गाडीसाठी कोणी थांबावे हा प्रश्न एका दिवसाचा नसतो. थांबणाऱ्यांची नावे बदलत राहिली असती, आज याने थांबावे आणि उद्या त्याने, तर हिशेब सुसह्य झाला असता. पण थांबण्याचा वाटा बहुधा त्याच त्या माणसांच्या पदरी येतो. ज्याच्याकडे वाहन नाही, ज्याला शहराबाहेर स्वस्त खोली शोधावी लागली, ज्याची कामाची वेळ दुसरा ठरवतो, तोच फलाटावरही थांबतो, रेशनच्या रांगेतही थांबतो आणि इस्पितळाच्या बाकावरही थांबतो. त्याचा वेळ स्वस्त आहे असे कोणी कोठे लिहून ठेवलेले नसते. तो स्वस्त धरला जातो, इतकेच.

तिसरे भगदाड अधिक फसवे आहे. ज्या संख्येच्या आधारे सेवा तोडायची, ती संख्या बव्हंशी त्या सेवेनेच घडवलेली असते. गाडी दोन-तीन तासांनी येते म्हणून उतारू दुसरी वाट धरतात. उतारू थोडे म्हणून गाडी आणखी विरळ होते. शेवटी कोणी उरत नाही आणि कोणाला गरजच नव्हती असा निष्कर्ष काढला जातो. मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू होताना अनेक लहान स्थानकांचे थांबे परत आले नाहीत. पॅसेंजर गाड्यांना विशेष गाड्यांचे नाव मिळाले आणि किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपये झाले. ते भाडे पूर्ववत होण्यास 2024 साल उजाडावे लागले. त्या मधल्या वर्षांत प्रवास सोडून दिलेल्यांची गणना कोणत्या तक्त्यात करणार? जो फलाटावर आलाच नाही, त्याला मोजता येत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. संख्येपेक्षा गरज श्रेष्ठ मानावी, ही कल्पना रेल्वेला परकी नाही. गाड्यांच्या अग्रक्रमात अपघातस्थळी मदतीसाठी निघालेली गाडी सर्वांच्या पुढे असते. तिच्यात प्रवासी जवळजवळ नसतातच. तरीही हजारो प्रवाशांच्या गाड्या तिच्यासाठी बाजूला उभ्या राहतात आणि त्यात काही अन्याय झाला असे त्या हजारोंपैकी कोणालाही वाटत नाही. मुंबईनेही हा क्रम एकदा अनुभवला. मार्च 2020 मध्ये बंद झालेली लोकल 15 जून 2020 रोजी पुन्हा धावू लागली, ती फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. त्या पहिल्या गाड्यांत परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार चढले; मोठ्या पगाराचे अधिकारी घरी थांबले. एरवी ज्यांचा वेळ स्वस्त धरला जात असे, त्यांच्या वाचून शहराचे पाऊल पुढे पडत नाही, हे त्या दिवशी शासकीय यादीनेच मान्य केले. पुढे हळूहळू सर्वांना लोकल खुली झाली. तसे होणे योग्यच होते. परंतु त्या यादीतून जी ओळख पटली होती, ती गर्दीबरोबर पुन्हा विरून गेली.

पुलाला ज्यांचे नाव आहे त्या शिवाजीमहाराजांनी 1676 मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले पत्र या संदर्भात आठवावे असे आहे. सुभेदाराने स्वतः गावोगाव फिरावे, शेतकऱ्यांना गोळा करावे, ज्याच्या अंगी कष्टाचे बळ आहे पण बैल नाहीत, दाणा नाही, त्याला ते मिळवून द्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. त्यात रयतेने कचेरीच्या दारात थांबायचे नसून कचेरीने रयतेच्या दारात जायचे आहे. अधिकार आणि थांबणे यांचे नेहमीचे नाते येथे उलटे झालेले दिसते. या पत्राची दूरची एक आठवण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर राहिली आहे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिच्या बोधवाक्यात ‘बहुजन’ आहेत. पण तिचे खरे वैशिष्ट्य एकट्यादुकट्याच्या वाट्याला आलेल्या मुक्कामी गाडीत होते. संध्याकाळी शेवटच्या गावात पोहोचून तेथेच रात्र काढणारी आणि पहाटे तालुक्याकडे परतणारी ही गाडी फायद्यातोट्याच्या वहीत बहुधा तोट्याच्याच बाजूला पडते. पण तिच्यामुळे एखादी मुलगी महाविद्यालयात पोहोचते आणि एखादी बाळंतीण वेळेवर दवाखाना गाठते. हात दाखवताच गाडी उभी करण्याच्या योजनेतही हेच तत्त्व होते. रस्त्याच्या कडेला उभे असलेले एक माणूसही थांबण्याला पुरेसे कारण आहे, असे त्या उंचावलेल्या हाताने मानले होते.

तरीही या विचाराला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा मराठी मनाने आपल्या सर्वांत प्रिय कथेतच सांभाळली आहे. पुंडलिकाच्या भेटीला प्रत्यक्ष देव आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने एक वीट पुढे केली आणि देवाला तिच्यावर उभे राहण्यास सांगितले. जगातले सर्व अग्रक्रम जेथे संपतात तो थोरला, धाकट्याचे काम उरकेपर्यंत थांबला. परंपरेने तर तो अजूनही उभाच आहे असे मानले. मात्र पुंडलिकाने देवाला लहरीखातर ताटकळत ठेवले नव्हते. हातातले कर्तव्य अर्धवट टाकता येत नव्हते, म्हणून ठेवले. कोणालाही थांबवण्याचा अधिकार केवळ गरिबीतून किंवा धाकटेपणातून निर्माण होत नाही. तो कारणाच्या खरेपणातून निर्माण होतो. आणि तसे असेल तर तोच नियम थोरल्यालाही लागू आहे. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी लोकल बाजूला उभी करण्यास खरे कारण असू शकते. पण ते दरवेळी असतेच असे नाही, आणि ते आहे की नाही हे तपासण्याची तसदीच न घेणे, हा उशिराहून मोठा अपराध आहे.

वेळापत्रकाकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. वरवर ते सोयीसाठी छापलेले कोष्टक असते. पण त्याचे खरे स्वरूप वचनाचे आहे. सात वाजून दहा मिनिटांनी गाडी येथे थांबेल, असे ते ज्याला सांगते त्याचे नाव त्याला ठाऊक नसते. त्या वचनावर विसंबून कोणी घर भाड्याने घेतो, कोणी नोकरी पत्करतो, कोणी मुलाला शाळेत घालतो. वचन देणाऱ्याला पुढे ते बदलावे लागणारच नाही, असे नाही. काळाप्रमाणे मार्ग बदलतात, मेट्रो येते, जुनी गरज खरोखरच सरते. पण वचन बदलताना ज्यांना ते दिले होते त्यांना वेळेवर सांगणे, त्यांना दुसरी वाट दाखवणे आणि तोट्याचा भार पुन्हा त्यांच्याच माथी न मारणे, एवढे बंधन तरी उरतेच. ते न पाळता केवळ उतारूंची संख्या पुढे करणे म्हणजे आधी वचन मोडणे आणि मग ऐकणारे थोडेच होते असे म्हणणे होय.

या सर्व विचारात कस्तुरबांचे नाव रस्त्याच्या पाटीपुरते उरत नाही. गांधींना 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर वर्णामुळे गाडीतून उतरवण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. वीस वर्षांनी, 1913 मध्ये, हिंदी लोकांचे विवाह अवैध ठरवणाऱ्या निर्णयाविरुद्ध कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि त्यांनी तुरुंगवास भोगला तो त्याच गावात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. भारतात परतल्यावर गांधींनी तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्या वर्गाच्या हालांविषयी 1917 मध्ये लेखणी उचलली. एप्रिल 1919 मध्ये दिल्लीकडे येत असताना त्यांना गाडीतून उतरवून अटक झाली, ती पलवलला. त्याच पलवलहून रोज सकाळी लोकल शिवाजी ब्रिजकडे निघते. रेल्वेचा तिसरा वर्ग 1974 मध्ये नावापुरता संपला. तिसऱ्या वर्गाचा वेळ मात्र, म्हणजे कोणीही कितीही ताटकळत ठेवावा असा वेळ, अद्याप संपलेला नाही. कस्तुरबांच्या नावाच्या रस्त्यावरील कचेऱ्या झाडणारी स्त्री सकाळी ज्या फलाटावर उतरते, तेथे तो अजून शिल्लक आहे.

मराठीत लहान मुलाला किंवा हाताखालच्या माणसाला ‘थांब’ म्हणतात. पाहुण्याला, वडीलधाऱ्याला आणि अनोळखी माणसाला ‘थांबा’ म्हणतात. दोहोंत फरक एका कान्याचा आहे. थांबणे दोघांनाही चुकत नाही. पण दुसऱ्याला सांगताना सांगणारा त्याचे कारण देण्यास बांधलेला असतो, किती वेळ ते सांगण्यास बांधलेला असतो, आणि गाडी खरोखर येणार आहे याची त्याने स्वतः खात्री केलेली असते. संध्याकाळी शिवाजी ब्रिजच्या फलाटावर पलवलच्या लोकलची वाट पाहत माणसे उभी असतात. वेगाने एखादी गाडी निघून जाते, धूळ खाली बसते आणि ती पुन्हा रुळांकडे पाहू लागतात. त्यांना थांबावे लागेल, यात शंका नाही. नगर त्यांना ‘थांब’ म्हणते की ‘थांबा’ म्हणते, एवढेच ठरायचे आहे.